पहिल्या टीममधली आमची कोच

दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला मी मेलबर्नच्या पश्चिमेला, ट्रुगानिनाच्या मैदानाबाहेर गाडीत बसलेली असायचे. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिने फुटबॉल खेळायचं ठरवलं होतं. का, ते आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही. नवऱ्याच्या डोक्यात क्रिकेट होतं, माझ्या डोक्यात कथक, आणि तिने एक दिवस शाळेतून क्लबचा फॉर्म आणून फ्रिजवर चिकटवला. "आय वॉन्ट धिस वन," एवढंच म्हणाली आणि दूध प्यायला बसली.

आमच्या भागात नवीन घरांच्या रांगाच्या रांगा आहेत, पण झाडं अजून गुडघ्याएवढीच आहेत. त्यामुळे वाऱ्याला अडवायला कुणी नाही. मेच्या सुमारास, इथला हिवाळा लागला की, तो असा सुटतो की कान दुखायला लागतात. मी काचा बंद करून, हीटर लावून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं माझं काम कधी संपल्यासारखं वाटतच नाही. माझ्यासारख्या आणखी सहा-सात गाड्या ओळीने उभ्या असायच्या आणि प्रत्येकीत एकेक आई फोनमध्ये डोकं घालून.

मुलींना शिकवणारी कोच आफ्रिकेतली होती. उंच, रुंद खांद्यांची, पन्नाशी ओलांडलेली. थंडीत डोक्याला रंगीत कापड घट्ट बांधायची आणि उजवा पाय किंचित ओढत चालायची. सकाळी एका एज्ड केअरमध्ये म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालते, भरवते आणि संध्याकाळी इथे येते, एवढी माहिती मला होती. आफ्रिकेतल्या कुठल्या देशातली, हे मी तीन महिने विचारलंही नव्हतं. आम्हाला कुणी नुसतं 'इंडियन' म्हटलं की आम्ही लगेच पुणं, महाराष्ट्र सगळं सांगत बसतो, आणि मी मात्र तिला एका अख्ख्या खंडात सोडून दिलं होतं.

एका गुरुवारी काचेवर टकटक झाली. मी काच खाली केली.

"मम, पुढच्या आठवड्यात स्पोर्ट्स शूज घालून ये," कोच म्हणाली.

"का? काय झालं?"

"तुझी मुलगी पळताना सारखी तुझ्या गाडीकडे बघते. तू बघतेस त्या कॉम्प्युटरकडे. त्यापेक्षा तूही पळ. म्हणजे कुणी कुणाकडे बघायला नको."

मला राग आला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरोबर आहे की तिचं." मग त्याचाही राग आला. पण पुढच्या गुरुवारी मी शूज घालून गेले.

आम्ही पाच जणी जमलो होतो. शेजारच्या गल्लीतली माझी पंजाबी मैत्रीण सलवार-कमीजवर जॅकेट चढवून आली होती. "चलो जी, और कुछ नहीं तो पतले हो जाएँगे," म्हणाली. पहिल्या दिवशी आमच्यातल्या कुणालाही बॉल धड थांबवता आला नाही. माझ्या पायाखालून तो तीनदा निसटला आणि चौथ्यांदा मीच त्याच्यावरून पडले. कोच हसली नाही. तिने हात देऊन उठवलं आणि म्हणाली, "गुड. आता पडायची भीती गेली."

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिने मैदानात लाल कोन मांडले. त्यांच्यामधून नागमोडी पळायचं आणि शेवटच्या कोनाला वळसा घालून परत यायचं. मी शेवटच्या कोनापाशी पोचले आणि अंग आपोआप खाली गेलं, डावा पाय रोवला गेला, हात जमिनीला टेकता टेकता मी गर्रकन वळले. कोचने शिट्टी फुंकली.

"थांब! हे कुठे शिकलीस?"

मी सांगितलं, शाळेत खो-खो खेळायचे. चिंचवडला आमच्या शाळेचं मैदान म्हणजे नुसती लाल माती आणि दोन टोकांना दोन खांब. आठवी ते दहावी मी टीममध्ये होते. मग कॉलेज, मग नोकरी, मग इथे. पंचवीस वर्षांत त्याचा विचारही मनात आला नव्हता, पण पायांच्या लक्षात राहिलं होतं.

"दाखव," ती म्हणाली.

मग त्या गार गवतावर आम्ही आया एकीआड एक उलट तोंड करून उकिडव्या बसलो. कोपऱ्यावरचे झेंडे आमचे खांब झाले. मी नियम सांगितले, दोनदा खेळून दाखवलं, आणि जिला पाठीवर थाप मारून 'खो' म्हणत होते ती दचकून उठायच्या ऐवजी मागे वळून "काय?" विचारत होती. तिकडे मुलींची प्रॅक्टिस थांबली. सगळ्या येऊन कडेला उभ्या राहिल्या. गाडीत बसताना मुलगी म्हणाली, "मम, यू आर ॲक्च्युअली फास्ट." तिने मला आयुष्यात एकदाच पळताना पाहिलं होतं, कचऱ्याचा ट्रक आल्यावर बिन ओढत.

तेव्हापासून मुलींचा वॉर्मअपसुद्धा खो-खोनेच व्हायला लागला. त्या 'को-को' म्हणतात. मी एक महिनाभर सुधारायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात कोचच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सरकारी हॉस्पिटलच्या यादीत ती कितीतरी महिने थांबली होती. तारीख आली तेव्हा आम्हाला सगळ्यांना आनंद झाला, ती मात्र गप्प होती. कारण मला नंतर कळलं.

ऑपरेशननंतर दहा-बारा दिवसांनी मी दुकानात निघाले होते, तर बसस्टॉपवर ती दिसली. दोन कुबड्या, पाठीला सॅक. मी गाडी थांबवली.

"कुठे निघालीस?"

"फिजिओकडे."

"बसने?"

"दोन बस. एक चुकली तर तीन." ती हसली.

तिचा नवरा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाणीवर मेकॅनिक आहे. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. मुलं मोठी झालेली, पर्थला स्थायिक. गाडी चालवायला डॉक्टरांनी सहा आठवडे मनाई केली होती. ती कुणाकडे मदत मागेल अशी आशा नव्हती, म्हणून मीच कॅलेंडरवर मंगळवारचे दहा ते बारा अडवून टाकले आणि मॅनेजरला सांगितलं की या वेळात मी मिळणार नाही. तो म्हणाला, "नो वरीज." मला वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच सोपं निघालं.

गाडीत पहिल्या मंगळवारी आम्ही हवेबद्दल बोललो. दुसऱ्या मंगळवारी सिग्नलला थांबलो असताना तिने गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "या गुडघ्याने मला दोनदा मॅचबाहेर बसवलं. पहिल्यांदा मी चोवीस वर्षांची होते. आणि आता दुसऱ्यांदा."

"आता कुठली मॅच?"

तेव्हा तिने सांगितलं. बायकांचा फुटबॉल वर्ल्डकप त्या वर्षी इथे ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडला होता, हे मला माहीत होतं, मुलीच्या खोलीत पोस्टर होतं. तिच्या देशाची, झांबियाची टीम त्यात पहिल्यांदाच उतरणार होती आणि त्यांच्या मॅचेस न्यूझीलंडला होत्या. ती जाणार होती. सुट्टीही टाकली होती. आणि नेमकी त्याच्या पाच आठवडे आधीची ऑपरेशनची तारीख आली. विमानप्रवास बंद. तारीख नाकारली असती तर पुन्हा यादीच्या शेपटाला.

"एवढं काय, टीव्हीवर दिसेल की," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"हो, दिसेल." ती बाहेर बघत म्हणाली. "मी पहिल्या टीममध्ये होते."

"कुठल्या पहिल्या टीममध्ये?"

"आमच्या देशाच्या. बायकांची पहिली टीम जमली ना, त्यात. डाव्या विंगला."

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. सिग्नल हिरवा झाला होता.

त्या दिवसापासून मंगळवारची वाट मीच जास्त बघायला लागले. फिजिओचं क्लिनिक वीस मिनिटांवर होतं, येताना वीस मिनिटं, आणि मध्ये क्लिनिकच्या शेजारी कॉफी. तेवढ्या वेळात ती एकेक गोष्ट सांगायची. सलग नाही सांगायची. आज शेवट, पुढच्या मंगळवारी सुरुवात. मी ती माझ्या मनात ओळीने लावली, ती अशी.

ती तांब्याच्या खाणीच्या गावात वाढली. वडील जमिनीखाली कामाला. सात भावंडांत ती सगळ्यात मोठी, तिच्या पाठचा भाऊ. खाणीच्या कंपनीने कामगारांसाठी मैदान बांधलेलं होतं, पुरुषांचा क्लब होता, आणि रविवारी मॅच असली की अख्खं गाव तिकडे लोटायचं. शाळेत मुलींना नेटबॉल. फुटबॉल मुलग्यांचा. पण घरामागच्या मोकळ्या जागेत भाऊ आणि त्याचे मित्र खेळायचे तेव्हा एक माणूस कमी पडायचा आणि तिला घ्यायचे. बॉल घरचाच. प्लॅस्टिकच्या पिशव्या एकीत एक कोंबून, वरून सुतळीने गच्च आवळलेला. "तो बॉल उसळत नाही," ती म्हणाली. "त्यामुळे पायाला चिकटवून ठेवायची सवय लागते. नंतर खरा बॉल मिळाला तेव्हा मला वाटलं, हा तर पळून जातोय."

ती सतरा-अठरा वर्षांची असताना कळलं की राजधानीत बायकांची टीम जमवताहेत आणि खाणीच्या गावांतूनही मुली हव्या आहेत. शाळेतल्या नेटबॉलच्या बाईंनी तिचं नाव पाठवलं. आईने सांगितलं, गेलीस तर तुझ्याशी लग्न कोण करेल.  वडील दुसऱ्या दिवशी खाणीतली पाळी संपवून येताना क्लबच्या गोलकीपरचे जुने बूट घेऊन आले. तिच्या पायाला दोन नंबर मोठे. मक्याच्या पिठाच्या रिकाम्या पोत्याचं कापड फाडून त्यांनी स्वतः बुटांच्या टोकात भरलं, तिला घालायला लावलं आणि दारात चालून दाखव म्हणाले.

"काय म्हणाले मग?"

"काही नाही. जेवायला बसले."

पहिली मॅच त्यांच्याच गावातल्या मैदानात होती, पुरुषांची मोठी मॅच सुरू व्हायच्या आधी. लोक लवकर आले होते ते हसायला. घरी स्वयंपाक कोण करतंय, असं कुणीतरी ओरडलं. शेंगदाणे विकणाऱ्या बायासुद्धा हसत होत्या. जर्सी पुरुषांच्या जुन्या, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या. मॅच संपली की काढून, धुऊन परत द्यायच्या. पहिल्या दहा मिनिटांत तिला कुणी पासच दिला नाही, कारण सगळ्याच घाबरून बॉलच्या मागे धावत होत्या. मग एकदा बॉल गडबडीत तिच्याकडे आला. ती डाव्या कडेने निघाली, दोघींना चुकवलं आणि लांबून मारला. गोलच्या वरच्या बारवर तो असा आदळला की बार थरथरत राहिला.

"गोल नाही झाला?"

"नाही. पण हसणं थांबलं."

काही महिन्यांनी सगळ्या जणी शेजारच्या देशात खेळायला गेल्या. दोन दिवस बसने. रात्री एका शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपल्या. मॅच दोन-दोन अशी बरोबरीत सुटली आणि त्यातला एक गोल तिचा. ती हे सांगत होती तेव्हा मी कॉफीचा कप तसाच हातात धरून होते. ती मात्र हसायला लागली, इतकी की बाजूच्या टेबलावरचे लोक बघायला लागले.

"पेपरात दोन ओळी आल्या. आणि त्यात माझ्या भावाचं नाव!"

"म्हणजे?"

"बरोबर आलेल्या माणसाने फोनवरून बातमी दिली. पेपरच्या ऑफिसमधल्या कुणाला तरी आमचं घर माहीत होतं. त्याला वाटलं, फुटबॉल आहे म्हणजे भाऊच असणार. माझं नाव चुकून आलंय समजून त्याने ते 'सुधारून' छापलं. माझ्या भावाला एक गोल मारता आला नाही जन्मात!"

तिच्या वडिलांनी ते कात्रण कापून भिंतीला लावलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, हे नाव मुलाचं आहे, पण गोल मुलीचा आहे. पुढे घर बदलताना ते कात्रण हरवलं.

ती टीम पाच-सहा वर्षं कशीबशी टिकली. कधी बस नाही, कधी मैदान नाही. एका मॅचमध्ये तिचा गुडघा दुखावला, तो नीट बसवायला तिथे कुणी नव्हतं. ती शाळेत खेळाची शिक्षिका झाली, मुलींना शिकवत राहिली. नव्वदचं दशक आलं आणि तिकडे ज्या एड्सने घरंच्या घरं रिकामी केली, त्याने तिच्या टीमलाही सोडलं नाही. हे तिने एका वाक्यात सांगितलं. मग नवऱ्याला ऑस्ट्रेलियातल्या खाणीत काम मिळालं, आधी पर्थकडे, मग धाकट्या मुलीच्या युनिव्हर्सिटीसाठी मेलबर्न. मुलगी शिकून परत पर्थला गेली, या दोघांना इथलं घर आवडलं, राहिले.

"इतकी वर्षं इथे आहेस. क्लबमध्ये कुणालाच सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगू? फोटो नाही, कप नाही. पेपरात भावाचं नाव." तिने खांदे उडवले. "आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

 मी म्हटलं, "तुझ्या टीमच्या मॅचेस आमच्या घरी बघायच्या. आमचा टीव्ही मोठा आहे."

पहिली मॅच शनिवारी संध्याकाळी पाचला होती. ती हिरवा स्कार्फ घालून आली, बरोबर मक्याच्या पिठाची पिशवी. "जेवण माझ्याकडे," म्हणाली आणि माझ्या किचनमध्ये स्टुलावर बसून, पाय समोर खुर्चीवर ठेवून, तिने मोठ्या पातेल्यात पीठ घोटायला घेतलं. आपल्या उकडीसारखंच, पण इतकं घट्ट की लाकडी पळी उभी राहावी. मी बरोबर पालकाची भाजी केली, दाण्याचं कूट घालून. ती चाखून म्हणाली, "हे तर आमचंच आहे." तिकडेही पाल्याच्या भाजीत दाण्याचं कूट घालतात म्हणे.

मॅच आम्ही पाच-शून्य हरलो. मी 'आम्ही' म्हणायला कधी लागले, लक्षातही आलं नाही. चार दिवसांनी दुसरी मॅच, तीही पाच-शून्य. नवरा हळूच मला म्हणाला, "तिला वाईट वाटत असेल गं, काहीतरी गोड दे." मी शिरा दिला. ती शांतपणे खात होती. म्हणाली, "आम्ही तर बारला मारून खूश झालो होतो. या वर्ल्डकपमध्ये हरताहेत. केवढी प्रगती!"

तिसरी मॅच सोमवारी, पुन्हा संध्याकाळी पाचला. पुढे जायची आशा संपलेली होती, त्यामुळे मॅचला तसा अर्थ नव्हता. तरी मी हाफ डे टाकला. पंजाबी मैत्रीण समोसे घेऊन आली, मुलगी शाळेच्या युनिफॉर्ममध्येच सोफ्यावर चढून बसली. मॅच सुरू झाली आणि तिसऱ्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. बॉल गोलसमोर घोळला, एकीने पाय घातला आणि तो सरळ जाळ्यात.

आम्ही सगळ्या किंचाळलो. मैत्रिणीच्या हातातली चटणी सोफ्यावर सांडली. कोचला पटकन उठता येईना. ती बसल्या बसल्या दोन्ही हात पुढे करून टीव्हीशी तिच्या भाषेत काहीतरी बोलत होती, एखाद्या लहान मुलाला जवळ बोलवावं तसं. मग पेनल्टीवर दुसरा गोल झाला. मध्यंतरानंतर समोरच्यांनी एक परत केला तेव्हा तिने माझा हात पकडला तो सोडलाच नाही. शेवटच्या जादा मिनिटांत तिसरा गोल झाला आणि मॅच संपली. तीन-एक. वर्ल्डकपमधला त्यांच्या देशाचा पहिला विजय.

कोच रडत होती. मुलगी गोंधळली. "व्हाय आर यू क्रायिंग? यू वन!"

कोचने तिला जवळ ओढलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. तिथे मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारत होत्या. "त्यांच्या पाठीवर बघ. काय लिहिलंय?"

"देअर नेम्स."

"त्यांची स्वतःची नावं," कोच म्हणाली.

मग तिचा फोन वाजला. तिकडे सकाळचे अकरा वाजले असतील. पलीकडे तिच्या टीमची गोलकीपर होती, ती अजून त्याच खाणीच्या गावात राहते. दोघी बोलल्या असं म्हणता येणार नाही. एक हसायची, मग दुसरी हसायची, मग दोघी एकदम गायला लागल्या. नवरा ऑफिसमधून आला तेव्हा दारातच थबकला. घरात एक बाई कुबडीने ताल धरून गातेय, दुसरी सोफ्यावरची चटणी पुसतेय आणि त्याची मुलगी कॉफी टेबलवर नाचतेय. त्याने शूज काढले आणि विचारलं, "जिंकलो का आपण?"

त्या विजयानंतर तिकडे लोकांना जुन्या टीमची आठवण झाली. कोण होत्या त्या मुली, कुठे आहेत, अशी विचारपूस सुरू झाली. खाणीच्या कंपनीत फोटो काढणारे एक गृहस्थ होते, ते आता हयात नाहीत, पण त्यांच्या मुलीने घरातल्या पेट्या उपसल्या आणि एक फोटो सापडला. गोलकीपरने तो व्हॉट्सॲपवर पाठवला. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, आता ती स्वतः गाडी चालवत होती तरी कॉफीचा वार आम्ही सोडला नव्हता, तिने टेबलावर फोन माझ्यापुढे सरकवला.

काळापांढरा फोटो, एका कोपऱ्यात पाण्याचा डाग. सहा उभ्या, पाच खाली बसलेल्या. जर्सी गुडघ्यापर्यंत. उभ्या असलेल्यांत डावीकडून तिसरी, उंच, हनुवटी वर केलेली. ते भलेमोठे बूटही दिसत होते.

"तू किती रागावलेली दिसतेस," मी म्हटलं.

"रागावलेली नाही. बूट निघून येऊ नयेत म्हणून बोटं आवळून उभी आहे."

आम्ही फोटोचा मोठा प्रिंट काढला. मी क्लबमध्ये लावायचं सुचवलं, ती नको म्हणाली, मग हो म्हणाली, पण तिची एक अट होती, खाली अकराही जणींची नावं हवीत. एका रविवारी ती आमच्या घरी आली आणि माझ्या मुलीला जेल पेन घेऊन टेबलाशी बसवलं. मुलीचं अक्षर चांगलं आहे. कोच एकेकीवर बोट ठेवून नाव सांगायची, स्पेलिंग सांगायची आणि प्रत्येकीबद्दल एक गोष्ट. ही गोलकीपर, हिला विमानाची भीती. ही सर्वांत ठेंगणी, पण हेडर हिचाच. ही मॅचच्या आधी कुणाशी बोलायची नाही. पाच नावांना ती जरा थांबली. त्या पाच जणी आता नाहीत. मुलीने विचारलं, त्यांच्या नावापुढे काही खूण करू का? कोच म्हणाली, "नको. मैदानात सगळ्या सारख्याच." शेवटी मुलीने कोचचं नाव लिहिलं आणि मग आणखी एकदा स्पेलिंग तपासून घेतलं. अकरा नावं लिहायला दोन तास लागले. मी मध्येच दोनदा चहा केला.

फोटो आता क्लबच्या खोलीत चहाच्या भांड्याच्या वर टांगलेला आहे. मॅचला आलेले पालक चहा घेताना तो बघतात आणि विचारतात. कोच तिथे असली तर सांगते, नसली तर आमच्या मुलींपैकी कुणीतरी सांगते, आणि प्रत्येक वेळी बार जरा जास्तच थरथरतो.

आम्हा आयांचीही टीम झाली आहे. तेरा जणी आहोत, त्यातल्या चार खरंच खेळू शकतात. पश्चिमेकडच्या पाच-सहा क्लबांमधल्या बायकांची रविवारी सकाळी एक हौशी स्पर्धा चालते, तिच्यात आम्ही नाव दिलं. व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, त्रेचाळीस वर्षांची झालीस!" आणि लगेच, "बूट चांगले घे पण. पाय मुरगळेल."

पहिल्या मॅचला ऊन पडलं होतं आणि वारा चक्क पडलेला होता. कोच रेषेबाहेर नव्या गुडघ्यावर ताठ उभी होती. तिने मला डाव्या बाजूला लावलं होतं. "तुझं काम एकच," तिने सांगितलं होतं. "ती निघाली की तिच्या आधी वळायचं. ते तुला येतं." समोरची मुलगी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल. तिने मला पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा मागे टाकलं. पाचव्यांदा ती आतल्या बाजूला वळणार हे मला तिच्या खांद्यावरून कळलं, मी आधीच वळले, आणि बॉल माझ्याकडे आला. पुढे त्याचं काय करायचं ते सुचेना, म्हणून मी तो जोरात बाहेर मारला. रेषेबाहेरून कोचचा आवाज आला, "ब्युटिफुल!"

आम्ही सहा-एक हरलो. तो एक गोल माझ्या पंजाबी मैत्रिणीचा. तिच्या नडगीला लागून गेला, पण गेला. संध्याकाळपर्यंत तिच्या अमृतसरच्या सगळ्या नातेवाइकांना व्हिडिओ पोचला होता.

मॅचनंतर गवतावर बसून आम्ही डब्यातले पोहे खाल्ले, तेरा जणी, आमची मुलं आणि कोच. तिने लिंबू पिळून घेतलं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि पुढच्या रविवारी काय चुकायचं नाही याची यादी सांगायला सुरुवात केली. यादीत माझं नाव सर्वांत जास्त वेळा आलं. सोमवारी सकाळी मला जिना उतरता येईना. नवरा खालून विचारत होता, "येतेस ना?" मी वरच्या पायरीवर बसले आणि एकेक पायरी बसत बसत, खुदखुदत खाली आले.